घरच्या अभ्यासानं मूल पुढे जातं का?

जळगाव-धुळ्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत पालक सभा भरली की शिक्षकांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "मास्तर, पोरले घरना अभ्यास काबर देतस नही?" शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतलं पहिलीतलं पोर रोज चार पानं भरतं आणि आपलं मात्र दप्तर फेकून गल्लीत पळतं, हे बापाला खुपतं. त्याच गावात, त्याच आठवड्यात त्या इंग्रजी शाळेतल्या पोराची आई रात्री दहाला वहीवर डोकं टेकून झोपलेल्या लेकराकडे बघत नेमका उलटा प्रश्न विचारत असते.

दोघांचंही म्हणणं 'किती' या शब्दाभोवती फिरतं. शास्त्रज्ञांनीही सुरुवात तिथूनच केली होती, म्हणून आपणही तिथूनच निघू. वाटेत प्रश्न थोडा बदलेल.

१. आधी एक अफवा

गृहपाठाचा शोध कोणी लावला, असं मुलं रागानं विचारतात. मोबाइलवर त्याचं तयार उत्तर फिरत असतं : १९०५ साली व्हेनिसच्या रॉबर्टो नेव्हिलिस नावाच्या शिक्षकानं तो शिक्षा म्हणून सुरू केला. या माणसाचा पुरावा कुठेही नाही. शिवाय अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं पंधरा वर्षांखालच्या मुलांना गृहपाठ देण्यावर बंदी घालणारा कायदा १९०१ सालीच केला होता. शोध लागायच्या चार वर्षं आधी बंदी येणं जरा अवघडच. पुढे तो कायदा मागे घेतला गेला. फ्रान्सनं १९५६ साली प्राथमिक शाळेत लेखी गृहपाठाला मनाई केली. चीननं २०२१ मध्ये गृहपाठ आणि खासगी शिकवण्या दोन्हींवर लगाम आणला. म्हणजे हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि जगभर चालू आहे.

२. अभ्यासामुळे गुण, की गुणांमुळे अभ्यास?

समजा, सातवीच्या एका वर्गाची पाहणी केली. रोज तासभर अभ्यास करणाऱ्या मुलांना सरासरी ७० गुण पडले, वही न उघडणाऱ्यांना ५०. लगेच म्हणावंसं वाटतं, बघा, अभ्यासाचे २० गुण!

पण त्या मुलांच्या घरी डोकावू. तासभर बसणाऱ्या मुलीची आई बारावी शिकलेली आहे, वडील पतसंस्थेत कारकून आहेत, संध्याकाळी सात ते आठ टीव्ही बंद असतो. वही न उघडणारा मुलगा त्याच वेळी म्हशीला वैरण टाकतो आणि धाकट्या बहिणीला सांभाळतो, कारण आई कापूस वेचून नुकतीच परतलेली असते. मग त्या २० गुणांतले किती गृहपाठाचे, किती आईच्या बारावीचे आणि किती त्या बंद टीव्हीचे? नुसत्या पाहणीतून ते कळत नाही. त्यात आणखी एक गुंता आहे. ज्याला गणित जमतं त्याला गणिताची वही उघडावीशी वाटते. आणि ज्याला जमत नाही तो बिचारा तेच काम तीन तास घेऊन बसतो. त्याचे तास जास्त आणि गुण कमी भरतात.

दोन गोष्टी जोडीनं दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं ठरत नाही. गृहपाठाबद्दलची बहुतेक ठाम विधानं इथेच घसरतात.

हा गुंता सोडवण्याचा चिकाटीनं प्रयत्न केला तो अमेरिकेतल्या हॅरिस कूपर या मानसशास्त्रज्ञानं. १९८९ साली त्यानं तोपर्यंत झालेले सुमारे १२० अभ्यास एकत्र तपासले आणि २००६ मध्ये सहकाऱ्यांसोबत नंतरच्या अभ्यासांची पुन्हा छाननी केली. निष्कर्ष इयत्तेप्रमाणे बदलत गेला. वरच्या वर्गांत, आपल्या नववी-दहावीच्या पुढच्या मुलांत, गृहपाठ मिळणाऱ्या वर्गातला मधला विद्यार्थी गृहपाठ नसलेल्या वर्गातल्या १०० पैकी ६९ जणांच्या पुढे निघाला. गृहपाठाचा काहीच उपयोग नसता तर तो ५० जणांच्या पुढे असता. त्याखालच्या, सातवी-आठवीच्या आसपासच्या मुलांत हा फायदा निम्म्यावर आला. प्राथमिक शाळेत तो जवळजवळ शून्य झाला.

लहान वयात असं का व्हावं? कूपरनं दिलेली कारणं कोणत्याही आईला पटतील. लहान मुलाचं लक्ष फार वेळ एका जागी टिकत नाही. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे त्याला स्वतःला ओळखता येत नाही, त्यामुळे येतं तेच ते पुन्हा गिरवत बसतं. आणि मागे पडलेल्या मुलाला तेवढंच काम दुप्पट वेळ खातं.

हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले आहेत, हे मात्र ध्यानात असू द्या. तिथल्या सरासरी घरात मुलाला बसायला टेबल असतं, घरात वाचता येणारं कोणीतरी असतं. तिथेही प्राथमिकला फायदा दिसला नाही. मग साक्री किंवा चोपड्याच्या पाड्यावर तो आपोआप उगवेल, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

३. किती वेळ? कागदावरचा हिशोब

अमेरिकेत एक सोपा नियम चालतो : इयत्ता गुणिले दहा मिनिटं. चौथीला रोज ४० मिनिटं, दहावीला १०० मिनिटं.

आपल्याकडचा नियम लहान वर्गांसाठी त्याहून कडक आहे, पण तो फार थोड्या पालकांना ठाऊक असतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ सांगतो की दुसरीपर्यंत गृहपाठ अजिबात नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला दोन तास, सहावी ते आठवी रोज एक तास आणि नववीपासून पुढे रोज दोन तास. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानं हेच प्रमाण पुन्हा सांगितलं. त्याआधी २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं पहिली-दुसरीच्या गृहपाठाला मनाई करण्याचा आदेश दिला होता. आठवड्याचे दोन तास सहा दिवसांत वाटले तर चौथीच्या मुलाच्या वाट्याला रोज २० मिनिटं येतात. म्हणजे अमेरिकेच्या निम्मी.

आता दुसऱ्या बाजूनं मोजू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायला हवं, म्हणजे दिवसाला चार तास. चौथीतल्या मुलाला कोणी रोज तासभर गृहपाठ दिला तर वर्षाचे २०० तास होतात. शाळेच्या वेळेचा हा चौथा हिस्सा झाला, आणि तोही शिक्षकाविना. एवढी मोठी अर्धवेळ शाळा आपण घराघरांत उघडतो आणि तिथे शिकवणार कोण, हे विचारत नाही.

'ओझ्याविना शिक्षण' या नावानं ओळखला जाणारा यशपाल समितीचा १९९३ चा अहवाल याच दिशेनं बोलला होता. दप्तराच्या वजनापेक्षा न समजता शिकण्याचं ओझं जास्त वाईट, असा त्याचा रोख होता. बातम्या मात्र दप्तराच्या किलोंच्याच झाल्या.

४. दहा वेळा लिहिणं आणि एकदा आठवणं

इथे 'किती' मागे पडतं आणि 'काय' पुढे येतं.

"सातचा पाढा दहा वेळा लिहून आणा." हा गृहपाठ पोरं कसा करतात ते एकदा बघा. आधी वरपासून खालपर्यंत नुसते साताचे आकडे उतरवतात, मग शेजारी एक ते दहा, मग पहिला पाढा बघून उत्तरांचा रकाना. पान भरतं, हात दुखतो, डोकं मात्र गल्लीत खेळत असतं. यात मुलाचा आळस नाही. कामच असं आहे की डोकं लावायची गरज पडत नाही.

आता याऐवजी हे पाच प्रश्न द्या, वही मिटून करायचे :

सात साही किती? सात आठे किती? (मागच्या आठवड्यातलं) सहा नवे किती? केळीच्या एका ओळीत ७ झाडं, अशा ९ ओळी, तर झाडं किती? ५६ व्हायला ७ किती वेळा घ्यावे लागतील?

पाच मिनिटांचं काम आहे, पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर डोक्यातून ओढून काढावं लागतं. या ओढून काढण्यातच आठवण पक्की होते. २००६ मध्ये अमेरिकेत रोएडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग एका गटानं तो पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा चित्र पालटलं : आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. घोटून वाचलं की येतंय असं वाटतं, आणि त्याच भरवशावर पोरगं परीक्षेला जातं.

दुसरी गोष्ट अंतराची. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसनं १८८५ मध्येच दाखवलं होतं की एकाच बैठकीत केलेल्या पाठांतरापेक्षा दिवसांच्या अंतरानं केलेली उजळणी जास्त टिकते. हे रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला समजावून सांगायला नको. पाटानं एकदम सोडलेलं पाणी बरंचसं वाहून जातं, ठिबकचं थेंब थेंब मुळाशी मुरतं. रविवारी तीन तास कोंबलेला अभ्यास पाटाचा, रोजची वीस मिनिटं ठिबकची. म्हणून वरच्या पाच प्रश्नांत मागच्या आठवड्यातलं एक मुद्दाम घुसवलं आहे.

आपल्याकडे हे आजोबा-पणजोबांना माहीत होतं. दिवेलागणीला परवचा म्हणायची रीत आठवा : पाढे, पावकी, निमकी, दिडकी, सारं तोंडी आणि रोज. वही नाही, लाल शेरा नाही, चुकलं की ओसरीवरचा म्हातारा लगेच टोकायचा. गृहपाठ म्हणून त्यात फारसं काही सुधारण्यासारखं नव्हतं. खोट एकच होती आणि ती मोठी होती. टोकणारा म्हातारा ज्या घरात शिकलेला, त्याच घरात परवचा व्हायची. बाकीच्या गावाला शाळेची पायरीही नव्हती.

५. घरही परीक्षेला बसतं

ती खोट अजून गेलेली नाही. गृहपाठ हा शाळेचा एकमेव तास असा आहे, जो प्रत्येक मुलाला वेगळ्या वर्गात आणि वेगळ्या शिक्षकाकडे करावा लागतो.

खानदेशात तर हा फरक ऋतूप्रमाणे बदलतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो आणि वेचणीला घरातला प्रत्येक हात लागतो. वरच्या वर्गातल्या मुली शाळा सुटल्यावर आधी चूल सांभाळतात, मग वही. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर गेला की शाळा सकाळची होते आणि दुपारी पत्र्याच्या घरात बसून लिहिणं मोठ्यांनाही अशक्य असतं. जूनमध्ये सहज होणारा गृहपाठ नोव्हेंबरात होत नाही. शिक्षकाला दिसते ती फक्त कोरी वही.

भाषेचंही तसंच. घरात अहिराणी, तावडी किंवा लेवा गणबोली, तांड्यावर गोरमाटी, सातपुड्याच्या कुशीत पावरी-भिल्ली, आणि गृहपाठ मात्र पुस्तकी मराठीत. जे मूल घरी 'डोया' म्हणतं त्याला शुद्धलेखनात 'डोळा' लिहायचाय. आईला विचारावं तर ती म्हणेल तेच वहीत चूक ठरणार. अशानं पोर आईला विचारणं बंद करतं, हे मला गुणांपेक्षाही गंभीर वाटतं.

मदत करू शकणाऱ्या घरांची गोष्टही सरळ नाही. २००८ मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की आई-वडिलांनी अभ्यासाची वेळ आणि शिस्त ठरवून देणं उपयोगी पडतं, पण शेजारी बसून गणितं सोडवून देण्याचा फायदा कधी होतो, कधी होत नाही, आणि सहावी ते आठवीच्या वयात उलटही जातो. २०१५ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर असं निघालं की ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती आहे, त्यांनी गृहपाठात वारंवार मदत केली तर मुलं वर्षभरात गणित कमी शिकली. धास्तीही शेजारी बसल्यानं लागते.

ज्यांना वेळ नाही पण पैसे आहेत, ते शिकवणी लावतात. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पहिली ते आठवीची ३०.५ टक्के मुलं पैसे देऊन शिकवणीला जात होती. शिकवणीत पुष्कळदा होतं काय, तर शाळेचा गृहपाठ उतरवून घेतला जातो. गाइडमधून वहीत, वहीतून शिक्षकाच्या लाल सहीपर्यंत असा त्याचा प्रवास, आणि मुलाचं डोकं वाटेत कुठे लागत नाही. 'प्रकल्प' तर स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो.

जगातही हीच फट आहे. पंधरा वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०१२ च्या फेरीत श्रीमंत देशांतली मुलं आठवड्याला सरासरी पाच तास गृहपाठ करत होती, शांघायची जवळपास चौदा, फिनलंड आणि दक्षिण कोरियाची तीनच्या आत. (कोरियाचे तास पाहून खूश होऊ नका, तिथली मुलं रात्री क्लासमध्ये असतात.) आणि बहुतेक ठिकाणी खात्यापित्या घरातली मुलं गरीब मुलांपेक्षा जास्त वेळ गृहपाठ करत होती. भारत त्या फेरीत नव्हता.

पण घर कमी शिकलेलं म्हणजे रिकामं, असं धरून चालणारा गृहपाठ शिक्षकाच्या आळसातून येतो. श्रावणात खानदेशात कानबाई देवी बसते. त्या आठवड्यात पाचवीला सांगा : आजीकडून कानबाईचं एक गाणं ऐक, ती म्हणेल तसंच अहिराणीत उतरव आणि खाली त्याचा अर्थ पुस्तकी मराठीत लिही. किंवा तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी किती गहू लागले, किती माणसं जेवली, माणशी किती पडले? या गृहपाठात निरक्षर आजी पदवीधर बापापेक्षा वरचढ ठरते, आणि गाइडमध्ये उत्तर सापडत नाही.

६. जिथे घरच नाही

शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या तालुक्यांतल्या आश्रमशाळांत मुलं राहतात तिथेच शिकतात. चाळीसगावपासून साक्रीपर्यंतच्या कित्येक वस्त्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात, काही गुजरातेत. त्यांची मुलं गावात राहावीत म्हणून राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे. या मुलांचा 'गृहपाठ' घराशिवायचा असतो.

गंमत म्हणजे चांगल्या गृहपाठाला लागणाऱ्या गोष्टी, ठरलेली वेळ, उजेड, सोबती आणि अडलं तर विचारायला मोठं माणूस, या वसतिगृहातच सगळ्यात सहज जमवता येतात. खानदेशात याचं उदाहरण शंभर वर्षं जुनं आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्यावर होती. मुलांसाठी ते हातानं लिहिलेलं दैनिक काढत. दिवसभराचं शिक्षण संध्याकाळी संपत नव्हतं आणि त्याला कोणी गृहपाठ म्हणत नव्हतं. आश्रमशाळेतल्या संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासाला नुसती हजेरी घेण्याऐवजी तिथे एक शिक्षक मुलांमध्ये बसला, तर त्या मुलांना गावातल्या कित्येक पोरांपेक्षा बरा गृहपाठ मिळेल.

७. लाल सही

आता तपासणी. चाळीस मुलांचा वर्ग, तीन विषय, रोज १२० वह्या. एका वहीला एक मिनिट दिलं तरी दोन तास जातात. म्हणून शिक्षक सही करतो आणि तारीख टाकतो. चुकीचं उत्तर सहीखाली तसंच राहतं आणि मुलाच्या लेखी ते बरोबर ठरतं. न तपासलेला गृहपाठ वाया जातोच, शिवाय तो चूक पक्की करतो. म्हणून जेवढं तपासता येईल तेवढंच द्यावं, हा नियम मला तासांच्या सगळ्या नियमांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पाच प्रश्न असतील तर दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं फळ्यावर उत्तरं लिहून शेजारच्या मुलाशी वही बदलता येते. चार पानांचं तसं होत नाही.

करोनाच्या काळात शाळा बंद असताना राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं नोव्हेंबर २०२० मध्ये 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम काढला. व्हॉट्सअॅपवर दर आठवड्याला थोडे प्रश्न यायचे, उत्तर दिलं की बरोबर की चूक ते तिथेच कळायचं. यात तपासणीचं दुखणं बरोबर ओळखलेलं होतं. पण घरात फोन एकच, आणि तो बापाच्या खिशात शेतात किंवा कामावर.

८. आठवीच्या पुढे

इथे माझी भूमिका बदलते. बीजगणित, समीकरणं, इंग्रजीचं वाक्य हे वर्गात समजलं तरी एकट्यानं केल्याशिवाय हातात बसत नाही, आणि या वयात मुलाला स्वतःची चूक शोधता येते. नाशिक विभागीय मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या जळगाव, धुळ्याच्या मुलाला रोज दीड-दोन तास लागतील, त्यात कुरकुर करण्यासारखं काही नाही. कूपरच्या पाहणीतही फायदा दीड-दोन तासांपर्यंत दिसतो, त्यापुढे तो वाढेनासा होतो. रात्री एकपर्यंत जागणाऱ्या मुलाचं कौतुक करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. शाळा आणि क्लास दोघांनी वेगवेगळा गृहपाठ दिला तर ते दोन तास चार होतात आणि त्याचा हिशोब दोघांपैकी कोणीच ठेवत नाही.

९. मग पहिलीच्या बापानं करायचं काय?

मास्तरांकडे चार पानं मागू नयेत. पोर गल्लीत पळतंय तर पळू द्यावं. जेवण झाल्यावर एखादं गोष्टीचं पुस्तक त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यावं. आपल्याला वाचता येत नसेल तरी अडत नाही, पोर कुठे अडखळलं ते कानाला कळतं. पाढे बैलगाडीत, मोटारसायकलवर, वैरण टाकताना विचारावेत, क्रम मोडून.

आणि रोज एक प्रश्न : आज शाळेत काय शिकवलं, पुस्तक मिटून सांग. त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक असायची गरज नाही. आपल्याला समजेपर्यंत "माले समजनं नही, परत सांग" म्हणत राहायचं. पोर अहिराणीत सांगत असेल तर सांगू द्यावं. झाडाच्या मुळांचं काम काय ते त्याला अहिराणीत आईला पटवून देता आलं, तर उद्या वर्गात ते पुस्तकी मराठीत लिहायला शिकवणं हे मास्तरांचं काम आहे, आणि त्यासाठी शाळेचे चार तास असतात.